इंजिनाने तेल मागितलं नाही

समजा, तुम्ही एका लाकडी लाँचमध्ये बसला आहात. कडेच्या फळीवर, गुडघे जवळ घेऊन, मांडीवर कंपासपेटी. हात खाली सोडलात तर बोटं पाण्याला लागतील. पायाखालच्या फळ्या थरथरताहेत, कारण त्यांच्याखाली इंजिन आहे. त्याचा आवाज ऐका. टुक-टुक-टुक-टुक. तो चालू आहे तोवर तुम्ही पोचणार. तो थांबला, तर कुठे जायचं ते पाणी ठरवणार. एवढं मनात धरा, पुढचं मी सांगते.

त्या फळीवर माझी चौथीची सात मुलं ओळीने बसली होती. तालुक्याच्या हायस्कुलात स्कॉलरशिपची परीक्षा होती, बरोबर अकरा वाजता. आमच्या कातळपाड्याच्या शाळेतून तोवर या परीक्षेला कोणी बसलंच नव्हतं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, घाटावरून बदलून आलेली वाघमोडे बाई. मला पोहता येत नव्हतं आणि हे सगळ्या मुलांना माहीत होतं.

"बाई, तुम्ही मधे बसा," लाँचमध्ये चढतानाच शेवंती म्हणाली होती.

शेवंती ही लाँचच्या ड्रायव्हरची मुलगी. तिचा बाप गजाबा डोर्लेकर इंजिन सांभाळायचा आणि म्हातारा आबू तांडेल मागे सुकाणू धरून असायचा. एरवी ही लाँच फक्त खाडी ओलांडायची, या काठावरून त्या काठावर, वीस मिनिटांत. तालुक्याच्या बंदराला जायचं म्हणजे खाडीच्या मुखातून बाहेर समुद्रात पडून, डोंगराचं नाक वळून, पुन्हा आत शिरायचं. तासाभराचा पल्ला. मुलांच्या परीक्षेसाठी मालकाने त्या दिवशी खास फेरी सोडली होती.

धक्क्यावरून निघण्याआधी गजाबाने पट्टी काढून बघितली. इंजिनाच्या पोटात तेल किती उरलंय ते दाखवणारी ही लांब लोखंडी पट्टी. त्याने ती फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली, बाहेर काढून उन्हात धरली. वरच्या खुणेपर्यंत तेल होतं, मधासारखं स्वच्छ.

"आजपण भरलेला," धक्क्यावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला. "थेंब नको याला."

"काय औषध दिलंस रे?" आबू म्हणाला. "जल्मभर प्यायला आणि आता माळ घातलीन काय?"

लोक हसले. गजाबाही हसला. त्याला हसताना मी बऱ्याच महिन्यांनी बघत होते.

त्याला कारण होतं. ते इंजिन जुनं होतं, चालता चालता तेल जाळायचं. रोज सकाळी एक माप ताजं तेल त्यात ओतावं लागे. मालक अच्युतशेठ एकदा भर धक्क्यावर म्हणाला होता, "गजाबा, माझं तेल इंजिन पितं की तुझ्या बायकोची कढई?" गजाबाची बायको गुणाबाई धक्क्यावर भजी तळायची. इंजिनाच्या तेलात भजी तळत नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण गावाला थट्टा पुरते. तेव्हापासून जो तो पुडी हातात घेताना विचारी, "काय गो, बोटीतला नाय ना तेल?" गुणाबाई ऐकून घेई आणि झारा हलवत राही. गजाबाने मात्र धक्क्यावर बसणं सोडलं होतं. मग त्या आठवड्यात इंजिनाने एकाएकी तेल मागणं बंद केलं आणि थट्टाही बंद झाली.

निघाल्यावर मी मुलांना शेवटची उजळणी देऊ लागले. पाढे, अपूर्णांक, काळ-काम-वेग. एरवी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची ती शेवंती. त्या दिवशी ती पायाखालच्या फळ्यांकडे बघत होती.

"शेवंती, पोट दुखतंय का?"

"नाही बाई. मी एक गणित घालू का?"

"घाल."

"एका हौदातून रोज एक बादली पाणी गळतं. पाच दिवस त्यात कोणी पाणी ओतलं नाही. तरी हौद भरलेलाच. तर कसा?"

दिगंबर नावाचा मुलगा म्हणाला, "गळायचं थांबलं असेल."

"कोणी बुजवलंच नाही तर कसं थांबेल?"

मी सहज म्हणाले, "मग दुसरीकडून त्यात काहीतरी येत असणार. जेवढं जातंय तेवढंच."

शेवंतीने माझ्याकडे बघितलं. "तेच मलाही येतंय उत्तर," ती हळू म्हणाली. "बाई, हौद नाहीये तो. आमचं इंजिन आहे."

मला क्षणभर काहीच कळलं नाही. मग पायाखालची थरथर एकदम जास्त जाणवायला लागली.

"काय येत असेल आत?"

"पाणी. इंजिन थंड ठेवायला खाडीचं पाणी त्याच्या अंगातून फिरवतात. कुठेतरी चीर पडली असेल."

समोर खाडी रुंद होत चालली होती. दूरवर मुखाशी पांढरी रेघ दिसत होती. ती जवळ आली की मोठ्या लाटा होतात, हे मी ऐकून होते. ओहोटी लागली होती. पाणी आमच्याबरोबरच बाहेर, समुद्राकडे चाललं होतं.

मी उठून, वाकून, इंजिनाच्या खळग्याशी गेले. गजाबा तिथे उकिडवा बसला होता.

"गजाबा, पट्टी पुन्हा एकदा बघता का?"

"आताच बघितली की बाई. तुमच्यासमोर."

"शेवंतीला वाटतंय की…"

त्याचं हसू गेलं. "शेवंतीने पेपर लिहावा. इंजिन मी बघतो."

"काय झाला?" मागून आबूने विचारलं.

"काय नाय. बाई घाबरल्या."

"घाटावरच्या ना त्या," आबू म्हणाला. "बाई, पाण्याकडे बघू नका, डोंगराकडे बघा. डोंगर कुठे पळत नाय."

शेवंती माझ्या मागोमाग आली होती. ती बापासमोर बसली. "बाबा, रोज एक माप जायचं. पाच दिवसांची पाच मापं. ती गेली नाहीत?"

"नाय गेली. म्हणून तर भरलेला. इंजिन सुधारलं."

"तू काय केलंस त्याला?"

गजाबा फडक्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते.

"वायसर बदललास? नट आवळलास?"

"शेवंते, गप बस."

"काही केलं नाहीस ना? मग आपोआप कसं बरं होईल?"

एरवी एवढं तिने बापाला माझ्यासमोर कधी विचारलं नसतं. गजाबाच्या मानेची शीर उडत होती. मी मधे पडणार होते, पण मला तरी कुठे नक्की माहीत होतं? एका दहा वर्षांच्या मुलीच्या गणितावर लाँच थांबवायची, तर सात मुलांचं वर्ष जाणार. तिचंसुद्धा.

"मी सकाळी डोळ्यांनी बघितला," गजाबा म्हणाला. "स्वच्छ तेल होता."

"सकाळी इंजिन रातभर उभं असतं. आई काय सांगते? तेलात पाणी पडलं तर तळाला जाऊन बसतं. वरनं तेल चांगलंच दिसतं. कढई तापली की मग उडतं. आता बघ, चालू असताना."

"चालू इंजिनात पट्टी खोटं दाखवते. तेल वर उडालेलं असतं."

"किती आहे ते नको बघू. कसं आहे ते बघ."

"मुख आलं रे," मागून आबू ओरडला. "जोर दे."

गजाबाचा हात वेग वाढवायच्या दांडीवर गेला. तिथेच थांबला. मग त्याने दुसऱ्या हाताने पट्टी ओढून काढली.

मी बघितलं. सकाळी मधासारखं होतं ते तेल आता दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसत होतं. गजाबाने झटकन पट्टी फडक्यात गुंडाळली, पण आम्ही दोघींनी बघितलं हे त्याला कळलं होतं.

"फेस असतो तो," तो म्हणाला. "चालू असला की येतो."

"पाइपावर टाक," शेवंती म्हणाली.

इंजिनाच्या धुराचा पाइप तिथूनच वर जात होता, हात लावला तर चामडी निघेल एवढा तापलेला. नुसतं तेल त्यावर पडलं तर जळतं, धूर होतो. गजाबाने फडकं सोडलं आणि पट्टीचं टोक पाइपावर टेकवलं.

तडतड आवाज झाला. ओल्या बटाट्याचा काप कढईत पडावा तसा. एक शिंतोडा उडून माझ्या मनगटाला चटका बसला.

"काय वाजला?" आबूने विचारलं.

आता लाँच वर-खाली व्हायला लागली होती. एका मुलाने दुसऱ्याचा सदरा धरला. मी त्यांच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला.

गजाबाने मागे हात घालून तेलाचा डबा ओढला. सील न फोडलेला, पाच दिवस वापरलाच नव्हता तो. त्याने खिळ्याने झाकणाला भोक पाडलं.

"नवीन तेल हाय," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "दोन मापं वरून ओततो. ताजं तेल पडलं की तेवढा दम धरेल. अर्ध्या तासात नाक वळून जाऊ. नायतर पोरांची परीक्षा गेली, बाई. सांगा तुम्ही."

मला सांगायला हवं होतं. मी घड्याळात बघितलं. साडेनऊ होत होते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही : माझ्या मनात 'ओता' हाच शब्द आला होता. मी तो बोलले नाही एवढंच. 'नको' असंही म्हणाले नाही.

शेवंतीने डब्याच्या भोकावर तळहात ठेवला.

"बाबा, सोमवारी आई कढईचं काय करते?"

"आता कढई कशाला काढतेस?"

"सांग ना. रोज भजी खपतात, तेल कमी होतं, ती रोज सकाळी नवं घालते. कढई चांगली राहते. रविवारी लाँच बंद, गिऱ्हाईक नाही. चार पुड्या खपतात. तेल कमीच होत नाही म्हणून नवं पडत नाही. मग ते काळं होतं, चिकट होतं, वर फेस धरतं. सोमवारी आई त्यात नवं घालते काय?"

गजाबाने डबा सोडला नाही.

"ओतून देते," शेवंतीच म्हणाली. "मी एकदा तिला म्हटलं, वरनं थोडं नवं घाल, चालेल. ती म्हणाली, चांगल्यात चांगलं घातलं तर दोन्ही टिकतं. नासलेल्यात घातलं तर नवंही नासतं." तिचा श्वास लागला होता. "तू रोज ओतायचास, तेच बरं होतं. इंजिन तेल मागत होतं तोवर ते बरं होतं, बाबा. तू काही चोरत नव्हतास आणि ते काही आजारी नव्हतं."

"परीक्षा जाईल तुझी."

"जाऊ दे."

हे म्हणताना तिची हनुवटी हलली. गजाबाने ते बघितलं. मग तो उभा राहिला.

"आबू, उजवीकडे घे. भाटीकडे."

मुखाच्या आत, उजव्या बाजूला वाळूचा एक उंचवटा होता, ओहोटीला उघडा पडणारा. त्यालाच ते भाटी म्हणत, आणि ओहोटीला सुकती.

"येडा झालास? सुकतीला भाटीवर चढलो तर संध्याकाळपर्यंत रुतून बसू."

"रुतूया."

"शेठ विचारील…"

"मी सांगतो तसं घे."

आबूने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि सुकाणू फिरवलं. लाँच आडवी झाली, तशी ओहोटी तिच्या कुशीला भिडली. आता आम्ही पुढे कमी आणि बाजूला जास्त चाललो होतो, त्या पांढऱ्या रेघेकडे. गजाबाने वेग हळूहळू उतरवला. तेवढ्यात आवाज बदलला. टुक-टुक… टुक… आणि मधेच लोखंडावर लोखंड आपटावं तसा ठोका. एक. दोन. गजाबाने इंजिन बंद केलं.

इतकी शांतता मी त्या पाण्यावर कधी ऐकली नव्हती. लाटांचा आवाज तेव्हा कुठे नीट कानावर आला.

"नांगर," गजाबा म्हणाला. आबूने सुकाणू सोडलं आणि म्हातारपण विसरून पुढे धावला. नांगर पाण्यात पडला, दोर सळसळत गेला, ताणला, आणि लाँच त्याला ओढत चाललीच. नांगर वाळूवरून घसरत होता. दिगंबर रडायला लागला. मी सातही जणांना खाली बसवलं, एकमेकांचे हात धरायला लावले आणि सातचा पाढा म्हणायला सांगितला. दुसरं मला काही सुचलं नाही. सात पाचे पस्तीस. दोर कुरकुरत होता. सात सक बेचाळीस. गजाबाने दोर पाठीवर घेतला होता, पाय कठड्याला रोवून. सात साते एकोणपन्नासला लाँचने हिसका दिला आणि ती थांबली.

आबू मटकन बसला. मुख तिथून दोनशे पावलांवर होतं.

मग गजाबाने एक पसरट भांडं इंजिनाखाली सरकवलं आणि तळाची चावी सैल केली. आधी तेल यायला हवं होतं. आलं ते राखाडी पाणी. भांडं भरलं तरी पाणीच. त्याने ते रिकाम्या डब्यात ओतलं, पुन्हा लावलं, तेही अर्धं भरलं. मग कुठे घट्ट, गढूळ तेल ठिबकायला लागलं.

"हे घेऊन आपण मुखात शिरत होतो," आबू म्हणाला.

"आबू, पोरं ऐकताहेत."

आबूने आवाज उतरवला, पण मला ऐकू येत होतं. "शेठला काय सांगणार? तो म्हणेल, पाच दिवस तेल घातलं नायस, तू इंजिन मारलंस. आधी चोर होतास, आता आळशी."

"म्हणू दे."

गजाबाने शेवंतीकडे बघितलंही नाही. ती कठड्याला टेकून उभी होती. इतका वेळ बोलत होती ती आता एकदम लहान दिसत होती.

भाटीच्या पलीकडे एक माणूस वाळू उकरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढत होता. आबूने हाका मारल्या तशी तो आपली होडी घेऊन आला. धाकू त्याचं नाव. त्याने लाँच बघितली, मुलं बघितली, काही विचारलं नाही.

"मुखातनं नेणार नाय," तो मला म्हणाला. "पण समोरच्या काठाला सोडतो. तिथनं खिंड चढलात की तालुका. पोरं चालतील ना? तासात पोचाल. पण आता निघाला पायजे. पाणी उतरलं की चिखलात अडकू."

मी एकेक मूल उचलून होडीत दिलं. सहा झाली. मीही उतरले, दोन्ही हातांनी होडीची कड धरून.

"शेवंती, चल."

शेवंती लाँचमध्येच खाली बसली होती. तिने कंपासपेटीतून पेन्सिल काढली होती आणि परीक्षेसाठी आणलेला कच्चा कागद गुडघ्यावर घेतला होता. ती लिहीत होती.

"शेवंती, वेळ नाही."

"एकच मिनिट, बाई."

"गो पोरी, शाळा इथेच भरवली काय?" धाकू म्हणाला. तरी ती लिहीतच होती, अक्षर चांगलं काढून. मग उठून तिने कागद बापापुढे धरला.

"शेठला दे."

गजाबाला वाचता येत नव्हतं. त्याने कागद तेलकट बोटांच्या टोकांनी धरला आणि वाकून माझ्याकडे दिला. "वाचा, बाई."

मी वाचलं. "अच्युतशेठ यांना. इंजिनात खाडीचं पाणी शिरलं होतं. माझ्या बाबांनी ते ओळखलं आणि लाँच मुखाच्या आत थांबवली. म्हणून आम्ही सात जण आणि बाई वाचलो. शेवंती गजाबा डोर्लेकर."

आबूने मान डोलावली. "ब्येस लिवलान. ह्याच्यापुढे शेठ काय बोलणार?"

गजाबा मात्र कागदाकडे बघत राहिला. "मी कधी ओळखलं?"

शेवंती पेन्सिल बोटांत फिरवत राहिली.

"तेल चोरतो म्हणाले, ते मी सोसलं. खोटं होतं म्हणून सोसलं," तो म्हणाला. लाँच थांबल्यापासून पहिल्यांदाच तो थेट तिच्याशी बोलत होता. "हेपण खोटंच हाय. खोड ते."

"पण शेठ तुला…"

"खोड."

"बाई, पाणी थांबत नाय कोणासाठी," धाकू म्हणाला. त्याने होडी लाँचपासून वीतभर दूर रेटली होती.

शेवंतीने माझ्या हातून कागद घेतला. क्षणभर पेन्सिल तशीच धरून राहिली. मग कठड्यावर कागद ठेवून एक ओळ खोडली आणि तिच्या डोक्यावर, दाटीवाटीने, नवं लिहिलं. कागद मला परत देऊन म्हणाली, "मोठ्याने वाचा."

"पाणी मी ओळखलं. लाँच बाबांनी थांबवली. आज माझी परीक्षा होती, तरी थांबवली."

गजाबाने कागद घेतला. घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वरून हात दाबून धरला. मग तो इंजिनाकडे वळला.

शेवंतीने पेन्सिल पेटीत ठेवली, परकर खोचला आणि मधल्या पाण्यावरून होडीत उडी घेतली. होडी डुगडुगली. मी तिला माझ्या शेजारी बसायला जागा करत होते. ती बसली नाही. पुढे जाऊन तिने धाकूच्या पायाशी पडलेलं दुसरं वल्हं उचललं आणि काठाकडे तोंड करून वल्हवायला लागली.